येतं, पण साडीत नाही

माझ्या सासरी कानडी बोलतात. मी केम गावाकडची, घरात नुसती मराठी. लग्न होऊन सोलापुरात आले तेव्हा मला कानडीचा एकच शब्द येत होता, तोही वाटेत शिकलेला. लग्नानंतर घरी येण्याआधीच कुलदैवताला निघालो होतो. दैवत विजापूरच्या बाजूला, म्हणून होटगीला गाडी बदलायची. आमची गाडी उशिरा पोचली आणि पुढची सुटायच्या बेतात. सगळी मंडळी ओरडायला लागली, "ओडु! ओडु!" मालकांनी माझं मनगट धरलं आणि मी शालू गोळा करून धावले. पायात काठ अडकून पडता पडता वाचले. ओडु म्हणजे पळ, हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

तिथनं घरी आलो तर घर पाहुण्यांनी भरलेलं. सासूबाई खोकल्याच्या औषधाची बाटली घेऊन माझ्यापुढं आल्या. कानडीत सासूला अत्ती म्हणतात, मीही तसंच म्हणते; त्या मला यव्वा म्हणतात, म्हणजे पोरी. अत्तींनी विचारलं, "ओदाक बर्तदेनु?"

मला वाटलं, होटगीचं काढलं यांनी, पळता येतं का विचारतायत. मान खाली घालून मी म्हणाले, "येतं. पण साडीत नाही."

ओडु म्हणजे पळणं, ओदु म्हणजे वाचणं. त्या विचारत होत्या, वाचता येतं का. घरभर असं हसू फुटलं की चुलत सासरे म्हणाले, "पोरीला फ्रॉक आणा रे, बाटली वाचायचीय!"

मी चौथी शिकलेली. बाटलीवरचं मला सहज वाचता आलं असतं. पण मी अशी लाजले की दिवसभर तोंड उघडलं नाही. तसंही मी फार बोलत नाही. चार माणसांपुढं माझी जीभ टाळूला चिकटते. म्हणून तर हे लिहितेय, कागद हसत नाही.

तेव्हापासून आमच्या घरात हे वाक्य चलनात आहे. मुलगी अभ्यासाला कंटाळली की अत्ती म्हणायच्या, "येतं, पण साडीत न्हाय, व्हय?" गॅस पेटला नाही की गॅसलाही तेच. इतकी वर्षं मी ते ऐकून घेतलं. ते एक दिवस माझ्याच कामाला येईल असं वाटलं नव्हतं.

गेल्या वर्षी माझी पिशवी काढली. बायकांत पिशवी म्हटलं की कळतं, गर्भाशय म्हणावं लागत नाही. मग टाके पिकले, पुन्हा दवाखाना. अंगात रक्त कमी, ते चढवलं. घरी आल्यावर एका सकाळी मोरीत चक्कर येऊन पडले. मालकांनी दार ढकलून उचललं. मला त्यातलं काही आठवत नाही, त्यांना सगळं आठवतं. तिथंच बिघडलं.

त्यानंतर त्यांच्या तोंडात एकच शब्द राहिला, हळू. उठले की हळू, बसले की हळू, ठसका लागला तरी हळू. मी अंघोळीला गेले की हे बाहेर उभे आणि सारखं विचारणार, "आहेस का?" आतून मी म्हणणार, "आहे." हा माणूस टॉवेलच्या कारखान्यात माग दुरुस्त करतो. तिथं खडखडाटात कुणाला कुणाचं ऐकू येत नाही, म्हणून यांचा आवाज मोठा. सगळ्या गल्लीला माझी अंघोळ पाठ झाली होती. शेजारीण एकदा विचारती झाली, "आज 'आहेस का' लवकर झालं, कुठं जायचंय का?"

दुखण्याआधी मी भाकरीला जायची. आमच्याकडं कडक भाकरी करतात, ज्वारीची, पापडासारखी पातळ, शेकून वाळवलेली. गल्लीच्या टोकाला पत्र्याच्या शेडमध्ये एक मावशी बायका बसवून हे काम करून घेतात. माझी चूल दाराजवळची. ती जागा मला फार आवडायची. सगळ्या थापायला लागल्या की असा आवाज होतो की न बोलणारी बाई त्यात उठून दिसत नाही. उलट माझ्या भाकरीची कड चिरत नाही, म्हणून नव्या बाया माझ्या हाताकडं बघत बसायच्या. एरवी माझ्याकडं कोण बघतंय?

मी दवाखान्यात असतानाच मालकांनी मावशींना सांगून टाकलं, "ती आता येणार न्हाय." मला विचारलंसुद्धा नाही. मावशींनी निरोप धाडला, दसऱ्यापर्यंत चूल रिकामी ठेवते, मग दुसरी बाई बघते.

डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, आधी चाला, मग जमेल तसं पळा, आता काही बंदी नाही. आमची मुलगी शाळेत खेळ शिकवते. मालक कामावर गेले की ती मला मैदानावर न्यायची. मी आधी चालले, मग दुडकी चाल, मग खरंच पळायला लागले. हे मालकांना ठाऊक नव्हतं. एका रात्री जेवताना मुलीनं सांगून टाकलं.

"पप्पा, बायकांची शर्यत हाय. शेतातनं, ओढ्यातनं पळायचं. मी मम्मीचं नाव घातलंय."

"कुणाच्या मम्मीचं?"

"तुमच्या बायकोचं."

"डॉक्टरबाई बरं म्हणाल्या," अत्ती म्हणाल्या. म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं.

"मोरीतनं उचलायला डॉक्टरबाई आलत्या का?"

मी ताटाकडं बघत म्हणाले, "मला भाकरीला जायचंय."

मी जेवताना मीठसुद्धा मागत नाही. त्यामुळं सगळे माझ्याकडं बघायला लागले. मालक हात धुवून आले, पुन्हा बसले आणि म्हणाले, "बरं. ती शर्यत पुरी कर. पण कुणाचा हात धरायचा न्हाय. हात धरलास की घरात बसायचं, पुन्हा भाकरीचं नाव काढायचं न्हाय. कबूल?"

त्यांना वाटलं मी नको म्हणेन. मी म्हणाले, "कबूल." दचकले तेच.

अडचण निघाली कपड्यांची. मैदानावर मी साडी खोचून पळत होते, पण मुलगी म्हणाली, ओढ्यात साडी ओली झाली की तूच अडकशील, माझी पँट घाल. पँट! अत्तींपुढं मी कधी डोक्यावरचा पदर खाली येऊ दिला नाही. आदल्या संध्याकाळी पँट उशीखाली लपवून ठेवली होती, ती अत्तींनीच शोधून काढली. मी पदर आणखी पुढं ओढला. त्यांनी ती उलटी सुलटी केली, नाडी ओढून बघितली आणि म्हणाल्या, "लई ढिली हाय गं. घट्ट बांध."

"अत्ती, तुम्हाला चालतं?"

"मला काय विचारतीस, यव्वा? साडीत न्हाय येत, हे तू आल्या दिवशीच सांगितलीस की."

शर्यत होटगीच्याच बाजूला होती. परतीचा पाऊस दोन दिवस झोडपून गेलेला. काळं रान. मालक गाडीतनं उतरले, एक पाय ठेवला, तो घोट्यापर्यंत गेला. त्यांचं तोंड उजळलं.

"चिखल झालाय. आता कसली शर्यत! चला घरी."

"पप्पा, चिखलासाठीच हाय ती."

"पैसे भरून चिखलात जायचं?" त्यांनी आजूबाजूच्या बायकांकडं असं बघितलं की जणू सगळ्यांच्याच टाक्यांची यांना काळजी.

सुटायची शिट्टी वाजली तेव्हा मी सगळ्यांच्या मागं होते. पुढं जायला लाज वाटत होती. मुलगी आयोजकांत कामाला होती, ती पुढं गेली. अत्ती शेवटच्या दोरीपाशी खुर्ची टाकून बसल्या. मालक मात्र राहिले बांधावर. काखेत छत्री, हातात ग्लुकोजचं पाणी, आणि मी खालून रानातनं पळतेय तर हे वरून बांधानं चाललेत.

"हळू!"

सगळ्या बाया वर बघायच्या. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. आणि धरणी खरंच घेत होती. काळी माती बुटाला चिकटते, त्यावर आणखी चिकटते, दहा पावलांत प्रत्येक पायाखाली एक पाटा तयार होतो. कणीक असती तर मी म्हणाले असते, पाणी जास्त झालंय, पीठ घाला. झटकून झटकून पळत होते. माझ्या पुढच्या दोघी एकमेकींना धरून हसत घसरत होत्या. एकीनं मलाही हात पुढं केला, "या की काकू!" मी दोन्ही हात पाठीमागं नेले. त्या बाईला वाटलं असेल, केवढी शिष्ट.

ओढ्याच्या अलीकडं माझा डावा बूट मातीनं ठेवून घेतला. ओढायला वाकले आणि बुटासकट मागं बसले. फतकल. गार चिखल पँटमधून आत गेला आणि मी घाबरून पोटाला हात लावला. टाक्याच्या जागी काही दुखलं नाही. पुन्हा चाचपलं. काहीच नाही. मग मला हसू यायला लागलं. एकटीच बसून हसत होते.

वरून आवाज आला, "आहेस का?"

"आहे!" मी म्हणाले. इतक्या मोठ्यानं मी आयुष्यात बोलले नसेन.

त्यांना मात्र ते खरं वाटलं नाही. मला बसलेलं बघून मोरी आठवली असणार. बांध सोडून ते सरळ खाली धावले. चपला घालून. त्या उतारावर कुणीही सांगितलं असतं की हे उभे पोचणार नाहीत. बसून आले, घसरगुंडीसारखे, छत्री वर धरून, आणि माझ्याजवळून जात ओढ्याच्या कडेच्या राडीत रुतले. मांडीपर्यंत.

मी उठले, बूट घातला.

"आहात का?" मी विचारलं.

"थट्टा करू नकोस. हात दे."

मी हात पुढं केला आणि तसाच मागं घेतला. "हात धरायचा नाही ठरलंय."

"अगं, ते तुझ्यासाठी! मी बुडतोय हितं!"

"हात माझाच जाणार ना त्यात."

मागून आलेल्या दोन बाया थांबून ऐकत होत्या. एक म्हणाली, "काकू, राहू द्या त्यांना, परत येताना घ्या," आणि दोघी पुढं गेल्या. मालक कानापर्यंत लाल. मला त्यांची दया आली, पण दाराजवळची चूलही डोळ्यांपुढं होती. मी म्हणाले, "छत्री द्या."

त्यांनी छत्रीची मूठ माझ्याकडं केली, दुसरं टोक स्वतः धरलं. मी पाय रोवले आणि ओढलं. एवढं बळ माझ्यात आहे हे मला माहीत नव्हतं, त्यांना तर नव्हतंच. आधी छत्री उलटी झाली, मग मालक बाहेर आले. चपला तिथंच राहिल्या. उभे राहून माझ्याकडं बघत होते, जरा वेगळंच. मग म्हणाले, "जा पुढं. मी येतो." पहिल्यांदाच 'हळू' म्हणाले नाहीत.

ओढा ओलांडून वर आले तर लांबून अत्तींचा आवाज. खुर्ची सोडून उभ्या राहिल्या होत्या, काठी हवेत. "ओडु! यव्वा, ओडु!" मी पळाले. मागून दुसरी होते. शेवटची बाई बिचारी एका पायात बूट घेऊन आली.

मालक मागून अनवाणी आले आणि आल्या आल्या वाद काढला. "छत्रीची मूठ धरलीस. मूठ म्हणजे हातच की."

"मूठ छत्रीची, हात माणसाचा," मुलगी म्हणाली.

"अव्वा, तूच सांग," मालक अत्तींना म्हणाले.

अत्तींनी त्यांच्याकडं खालून वर बघितलं. मांडीपर्यंत काळे, पायात काही नाही, हातात छत्रीच्या काड्या. "कुणी कुणाला ओढलं, ते आधी सांग," त्या म्हणाल्या. मालक काड्या मिटायला लागले. मग हळूच म्हणाले, "दसरा कधी हाय?"

सोमवारी ते मला स्वतः गाडीवर भाकरीला सोडायला आले. मावशींना त्यांनीच 'नाही' सांगितलं होतं, म्हणून 'हो' सांगायलाही त्यांनीच जायचं, हा अत्तींचा हुकूम. वाटेत गाडी बंद पडली, पोचायला उशीर झाला. आत थापण्याचा आवाज सुरू झालेला. मावशी दारातनं म्हणाल्या, "आली का बाई! चूल थंड पडतीय!"

मी डबा घेऊन उतरले. मला वाटलं, आता हळू म्हणणार. त्यांनी गाडीचा आरसा उगाच नीट केला आणि आरशातच बघत म्हणाले, "ओडु."

मी पळाले नाही. साडीत होते.