पंडुमाआधीचा आंबा

एटापल्लीच्या पलीकडचे डोंगर मी पायी तुडवले आहेत, असं मी लोकांना सांगतो. ऐकणारे मला धाडसी समजतात आणि मी त्यांना तसं समजू देतो. पन्नासच्या दशकात मी एका बांबूच्या ठेकेदाराकडे नोकरीला होतो. वय तेवीस, खाकी हाफपँट, डोक्यावर हॅट आणि डोक्यात हवा. काम एवढंच की दऱ्यांतून हिंडायचं, बांबू कुठे दाट आहे आणि बैलगाडी कुठवर जाईल ते पाहायचं आणि वहीत वाटा काढून आणायच्या.

बरोबर एक मुन्शीजी होते, कुरखेड्याकडचे. जाडजूड आणि बोलघेवडे, स्वयंपाकाला मात्र चांगला हात. तिसरा आमचा वाटाड्या. दरीच्या तोंडाशी वीस-पंचवीस झोपड्यांचं माडियांचं गाव होतं, तिथला हा म्हातारा. तो त्या गावाचा पेरमा, म्हणजे पुजारी होता. एका दिवसासाठी म्हणून आम्ही त्याला नेला आणि तीन दिवस ठेवून घेतला. रोज संध्याकाळी तो म्हणे, "आता जातो, साहेब. गावात पंडुम आहे." मी म्हणे, उद्या जा. त्याच्याशिवाय आम्हाला त्या दरीतून बाहेर पडता आलं नसतं, हे मला माहीत होतं आणि त्याला ते कळू द्यायचं नव्हतं.

पंडुम म्हणजे काय हे मुन्शीजींनी मला सांगितलं. नवीन आंबा आधी देवाला द्यायचा, मग गावानं खायचा. तोवर आंबा झाडावर लोंबत असला तरी कोणी तोंडात घालायचा नाही. आणि देवाला तो देणार पेरमा. त्याच्या घराण्याचा तो मान होता.

दरी जसजशी आत जाई तसतशी आवळत होती. दोन्ही बाजूंना काळे कडे, मध्ये आटलेल्या नाल्यातले धोंडे, आणि अधूनमधून हिरव्या पाण्याचे डोह. सागाची वाळकी पानं पायाखाली पापडासारखी मोडत. एका कड्याला मधाची पोळी लोंबत होती. तिथून म्हाताऱ्यानं आम्हाला तोंडावर बोट ठेवून, विड्या विझवायला लावून पुढे काढलं. तो अनवाणी चालायचा आणि धोंड्यावरून धोंड्यावर जाताना खाली बघायचासुद्धा नाही. मी दोन्ही हातांनी कातळ धरत, घामानं निथळत त्याच्या मागे. तो मला "तू" म्हणायचा, तसा तो सगळ्यांनाच म्हणायचा. मला ते झोंबायचं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी शेवाळावरून घसरलो आणि कमरेपर्यंत डोहात गेलो. हॅट तरंगत पलीकडे गेली. म्हातारा खाली बसला आणि पोट धरून हसला. त्या हसण्यात काही वाईट नव्हतं, हे आज कळतं. त्यानंच मग हॅट काढून दिली, पुसूनही दिली. पण मी मनात धरून ठेवलं.

थोडं पुढे नाल्यावर रानआंब्याचं झाड ओथंबलेलं होतं. मी त्याला म्हटलं, चढ आणि पाड. त्यानं मान हलवली. "पंडुम झालं नाई. हात लावत नाई." मी आवाज चढवला. तो शांतपणे दूर जाऊन उभा राहिला आणि मी ओरडायचा थांबेपर्यंत डोंगराकडे बघत राहिला. शेवटी मुन्शीजींनी काठीनं चार-पाच कैऱ्या पाडल्या.

"बुढा लय शहाणा समजून राह्यला सोताले," मुन्शीजी माझ्या कानाशी म्हणाले. "थांबा बाबू, मजा दाखवतो तुम्हाले."

म्हाताऱ्याच्या खांद्यावरच्या वाळक्या भोपळ्यातली आंबील आदल्या दिवशीच संपली होती. एका दिवसाच्या बोलीवर तीन दिवस नेलेल्या माणसाकडे दुसरं काय उरणार? त्यामुळे दुपारी तो आमचाच भात आणि वरण खाणार होता. मुन्शीजी एरवी वरणात चिंच घालत. त्या दिवशी त्यांनी कैरी ठेचून घातली. म्हाताऱ्यानं पानावरचं वरण हुंगलं. मुन्शीजींकडे त्यानं पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं.

"यात काय आंबट आहे?"

"चिंच," मी म्हणालो.

तो जेवला. भुकेला होता, पान चाटून पुसून जेवला. मग मुन्शीजींनी कैरीची साल त्याच्या पानावर टाकली आणि आम्ही दोघं हसलो. खूप हसलो. मला लाज वाटली का? खोटं कशाला सांगू, त्या वेळी नाही वाटली. डोहातल्या हसण्याची फिट्टंफाट झाली असं वाटलं.

म्हातारा नाल्याकडे गेला, घशात बोटं घालून ओकला आणि तोंड धूत बसला. किती वेळ धुतलं कोण जाणे. परत आला तेव्हा रागावलेला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं, मला त्याला शिव्या देता आल्या असत्या. तो म्हणाला, "तू गावात चाल. सगळ्याईले सांग का तू खाऊ घातला. तू सांगशील तं देवाले कोंबडा कापतील, होऊन जाईल. मी एकटा सांगीन तं म्हणतील भुकेनं खाल्ला, आता खोटं बोलून राह्यला."

त्याचं गाव मागे दिवसभराच्या वाटेवर होतं. सडक पुढे होती, आणि सडकेवर ठेकेदाराचा ट्रक संध्याकाळी येणार होता. माझ्या टाचा सोलल्या होत्या. मी म्हणालो, "येतो. आधी आम्हाला सडकेवर पोचव."

त्यानं पोचवलं. वाटेत मुन्शीजींना धाप लागली तेव्हा त्यांचं गाठोडंही स्वतःच्या डोक्यावर घेतलं. ट्रक उभाच होता. मी चढलो आणि वरून म्हणालो, "चार दिवसांत येतो. तू गावाच्या नाल्यावर थांब." त्यानं बोटांवर चार मोजले, मला दाखवले आणि विचारलं, "इतके?" मी हो म्हणालो. ट्रक हलला. चांद्याला पोचेपर्यंत मी झोपलो होतो.

चार दिवसांनी गेलो नाही. चार महिन्यांनीही नाही. एवढ्याशा गोष्टीसाठी कोण जातं, म्हातारा विसरला असेल, गावानं हसण्यावारी नेलं असेल, असं मी मनाशी म्हणत राहिलो. ते मला पटत नव्हतं, पण सोयीचं होतं.

पुढच्या वैशाखात त्याच डोंगरात पुन्हा पाठवलं गेलं. मुन्शीजी नोकरी सोडून गेले होते. मी मुद्दाम डोंगरापलीकडच्या गावातून वाटाड्या घेतला, तिशीतला एक बोलका माणूस. दरी उतरता उतरता त्यानं आपणहून सांगायला सुरुवात केली.

"खाली नाल्यावर एक बुढा रायते. पेरमा होता. पंडुमाच्या आधी आंबा खाल्ला त्यानं. त्याच साली वाघानं गावातली दोन जनावरं नेली. आता त्याचा भाऊ पेरमा आहे."

"गावात का राहत नाही?"

"कसा राहील? तो म्हणते, मले फसवून खाऊ घातला. साहेब येईल अन् सांगील. रोज नाल्यावर वाट पाहून राह्यला." तो हसला. "साहेब येते काय कधी!"

मी वाकून बुटाची नाडी बांधली. मग विचारलं, आता तो साहेब आला तर काही उपयोग होईल का?

"होईल ना! काऊन नाई होणार? साहेबानं सगळ्याईच्या समोर सांगितलं तं आजच कोंबडा कापतील, घेतील त्याले." त्यानं माझ्याकडे वळून पाहिलं. "तू ओळखते का तो साहेब?"

"नाही," मी म्हणालो. आणि दुसरी वाट आहे का, असं विचारलं.

वरून, कड्याच्या धारेनं एक वाट होती, पण अर्धा दिवस जास्त लागणारी. मी म्हटलं, लागू दे. दुपारी आम्ही त्या वाटेनं नाल्याच्या बरोबर वर आलो. खाली पानांची एक खोपी होती. वाटाड्याच्या पायानं एक दगड सुटला आणि गडगडत खाली गेला. खोपीतून तो म्हातारा बाहेर आला. पुष्कळ वाळला होता. आवाज कुठून आला हे त्याला कळलं नसावं. सडकेकडून जी वाट नाल्यावर येते तिच्याकडे तोंड करून तो उभा राहिला, आणि कमरेचं फडकं सोडून घाईघाईनं नीट बांधू लागला. कोणी मोठा माणूस भेटायला येत असला की आपण कपडे सावरतो, तसं.

हाक मारली असती तर त्याला ऐकू गेली असती. मी वाटाड्याला म्हटलं, चल.