‘कन्फ्यूज्ड’ला दिलेला होकार

मुलाने मुंबईहून पाठवलेला इंग्रजी कोश आज चाळत होतो. ‘कन्फ्यूज्ड’ या शब्दावर बोट थांबले. अर्थ दिला होता, गोंधळलेला. मूळ लॅटिन, एकत्र ओतणे. म्हणजे सगळे असे मिसळते की काहीच वेगळे ओळखू येत नाही.

घाटात रेल्वेसाठी डोंगर फोडत होते, तेव्हा मी खालापूरच्या कचेरीत दुभाष्या होतो. सुरुंगाचा दगड लागून एक ठाकर मजूर मेला. चौकशीला त्याची बायको गोऱ्या साहेबापुढे उभी होती. तिच्या लुगड्याला अजून सुरुंगाच्या दारूचा वास येत होता. इशाऱ्याचे शिंग वाजले होते का, असे साहेबाने तीनदा विचारले. तिन्ही वेळा ती म्हणाली, “नाय वाजलं. मी तितंच व्हते.” तिसऱ्यांदा मात्र तिला रडू फुटले. साहेब माझ्याकडे वळला. “कन्फ्यूज्ड?”

मला तो शब्द ठाऊक नव्हता. विचारायची लाज वाटली, म्हणून मी “येस सर” म्हटले. साहेबाने तिची जबानी खोडली आणि मजूर स्वतःच्या चुकीने मेला असे लिहिले.

अर्थ मला महिनाभरातच कळला. तरी नोकरी जाईल या भीतीने मी तोंड उघडले नाही. पुष्कळ वर्षे मी त्या “येस सर”ला माझे अज्ञान म्हणत आलो. आता तसे म्हणवत नाही.

त्या दिवशी कचेरीच्या पायरीवर तिने मला विचारले होते, “दादा, सायबाला समदं सांगलास ना रं?”

“सांगितलं, बाई.”

तिने मला हात जोडले आणि डोंगराची वाट धरली.