बाळाच्या खोलीतली आत्या

आमच्या पडद्यांच्या कारखान्यात तिला सगळे कात्री म्हणायचे. मागे नाही, तोंडावर. हातात कात्री असायची म्हणून नव्हे, ती तर आम्हा सगळ्यांच्याच हातात असायची. जिभेमुळे. मालकांनी एकदा तिला विचारलं, "आज उशीर का?" तर म्हणाली, "काल तुम्ही उशिरा सोडलंत तेव्हा मी विचारलं होतं का?" मालक नवे असते तर तिला काढून टाकलं असतं. पण मालक जुने होते, आणि मखमलीच्या चुण्या तिच्यासारख्या कोणी घालत नव्हतं.

मी तिच्या शेजारच्या मशीनवर. इतकी वर्षं शेजारी बसल्यावर माणसाच्या घरात न जाताही घर माहीत होतं. तिचे आईवडील लागोपाठ गेले तेव्हा ती कोवळी पोर होती आणि भाऊ बोबडं बोलत होता. तिने शाळा सोडली, मशीन धरलं आणि भावाला वाढवलं. तो शिकला, बऱ्यापैकी नोकरीला लागला, त्याचं लग्न झालं. हिचं लग्न राहून गेलं, असं लोक म्हणायचे. ती म्हणायची, "राहून कशाला जाईल? मी केलं नाही." घर घेतलं ते दोघांच्या कमाईतून, पण नावावर भावाच्या. तेव्हा तीच म्हणाली होती, माझ्यामागे कोण आहे, उगीच दोन नावं कशाला. त्या घरातली कोपऱ्यातली खोली तिची, आत तिचा पलंग, शिवणाचं मशीन आणि कापायचं टेबल. एवढं एक तिचं होतं.

भावजयीला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी दिवस गेले. कात्रीने कारखान्यात पेढे-बिढे वाटले नाहीत, पण तो आठवडा तिने कोणाशी भांडणही केलं नाही. आम्हाला तेवढ्यावरून कळलं.

मग एके दिवशी सकाळी डिझायनरबाई आली. तरतरीत पोरगी, आमच्याकडे नेहमी कामं आणायची. पिशवीतून फिक्या गुलाबी मखमलीचा तागा काढून तिने आमच्या दोघींच्या टेबलावर पसरला.

"बाळाची खोली करतेय," ती म्हणाली. "आर्ट डेको, पण सॉफ्ट हं. जुन्या सिनेमागृहांत असायचं ना तसं. पंख्यांची नक्षी, अर्धे सूर्य, गोलसर कोपरे. फक्त ते काळं-सोनेरी भडक नको. भिंतींना पिस्त्याचा फिका रंग, हा पावडरी गुलाबी पडदा, आणि मंद सोनेरी रेघा. पाळण्याची पाठ शिंपल्यासारखी. खुर्चीही तशीच."

"खिडकी केवढी?" कात्रीने मान वर न करता विचारलं.

"खिडकी तर बघाच तुम्ही! तिच्यावरूनच मला सगळं सुचलं. जुनी लोखंडी जाळी आहे, अर्ध्या सूर्याची. एक किरण तुटलाय, तिथे कोणीतरी पडद्याचा पितळी गज तारेने बांधलाय. काय डोकं म्हणायचं!"

कात्रीचा हात थांबला. माझाही. तो गज आमच्याच कारखान्यातला होता. तार पिळायची पक्कड मीच तिला दिली होती.

तिने सुईत दोरा ओवावा तितक्या सावकाश विचारलं, "त्या खोलीत आत्ता कोण राहतं?"

"नवऱ्याची मोठी बहीण. त्यांना हॉलमध्ये सोफा-कम-बेड देणार आहेत. पुढे एक पडदा टाकू म्हणजे आडोसा होईल. तोही तुम्हीच शिवा, साधा, सुती चालेल." मग तिने आवाज खाली केला. "त्यांना अजून सांगितलेलं नाहीये म्हणे. फार तापट आहेत. काही दिवस नात्यात कुठेतरी पाठवून देणार आणि तेवढ्यात खोली करून टाकणार. परत आल्या की सरप्राइज!"

त्या पोरीची चूक नव्हती. तिला जे सांगितलं गेलं तेच ती सांगत होती.

"कापड ठेवून जा," कात्री म्हणाली. "हे काम मी करीन."

ती गेल्यावर मी तिचा दंड धरला. "अगं, आत्ताच्या आत्ता घरी जा आणि विचार त्यांना!"

"मी का विचारू? सांगायचं त्यांनी. तोंड त्यांना आहे."

तिचा राग मी हजारदा पाहिला होता. तो भांड्यांच्या आवाजासारखा असायचा, खणखण झाली की संपला. हा तसा नव्हता. ती गप्प बसली होती, आणि त्या गप्प बसण्याने आमचं अख्खं टेबल तापलं होतं.

रोज सकाळी मी फक्त भुवया उंचावायची, आणि ती मान हलवायची. नाही. अजून नाही. भाऊ जेवताना तिच्या ताटात आपणहून वाढत होता. भावजय, जी एरवी दोन वाक्यांवर तिसरं बोलायची नाही, ती "ताई, तुमचे पाय दुखतात का हो?" असं विचारत होती. "माझे पाय पंधरा वर्षं दुखतायत," कात्री मला म्हणाली, "यांना आत्ता ऐकू आलं."

शेवटी एका संध्याकाळी भाऊ म्हणाला, "ताई, किती वर्षांत कुठे गेली नाहीस. चुलतबहिणीकडे जाऊन ये ना जरा. पुढे बाळ आलं की तुला कुठली सवड!"

"बरं," ती म्हणाली.

तो तिला सोडायला बसस्टँडवर गेला. पिशवी त्याने उचलली. खिडकीची जागा धरून दिली, पाण्याची बाटली घेतली, "सांभाळून जा, पोचलीस की फोन कर" म्हणाला. बस वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत उभा होता. पुढच्या थांब्यावर कात्री उतरली आणि पिशवी घेऊन थेट माझ्या दारात आली.

"पिशवी उचलली गं त्याने," दारातच म्हणाली. "मला उचलून द्यायची नव्हती, तरी हातातून घेतली."

ते दिवस आमच्या घराने कसे काढले ते आम्हालाच माहीत. तिने माझ्या स्वयंपाकघरातले सगळे डबे खाली काढून पुसले. माझ्या नवऱ्याने ओला टॉवेल पलंगावर टाकला म्हणून त्याला असं झापलं, की तो बिचारा आजतागायत टॉवेल वाळत घालतो. फोनवर भावाला मात्र गोड आवाजात सांगायची, "हो, पोचले. हो, मजेत आहे." फोन ठेवला की दात आवळून म्हणायची, "मी पण शिकले बघ खोटं बोलायला. या वयात."

दिवसा कारखान्यात ती तीच गुलाबी मखमल शिवत होती. वरच्या पट्टीला शिंपल्यासारखे गोल काप, प्रत्येक कापाच्या मधून पंख्यासारख्या उघडणाऱ्या चुण्या, कडेला सोनेरी गोफ. मी धास्तावून बघत बसायची. वाटायचं, आता हिची कात्री सरळ मधोमध चालणार.

"एवढं जीव लावून का शिवतेस?" मी न राहवून विचारलं.

"मग काय फाडू? कापडाने माझं काय वाकडं केलंय?"

लावायला नेहमी आम्ही दोघीच जायचो. मी शिडी आणि ड्रिलची पेटी घेतली, तिने पडदे. कारखान्याचा निळा एप्रन तिने मुद्दाम काढला नाही. स्वतःच्या घराची किल्ली तिच्या पर्समध्ये होती, तरी तिने बेल वाजवली.

भावाने दार उघडलं. तोंडावर आधी हसू होतं, मग ते तिथेच अडकून राहिलं.

"पडदे लावायला आलेय," कात्री म्हणाली. "कुठली खोली?"

"ताई, तू... तू तर..."

"खोली कुठली, साहेब?"

भावजय पोटावर हात ठेवून आतून आली आणि भिंतीला टेकली. घरातल्या बोळात कात्रीचा पलंग उभा करून ठेवला होता. खोक्यांवर जाड अक्षरांत 'ताई' असं लिहिलेलं. तिचं मशीन बाल्कनीत प्लॅस्टिकखाली होतं.

ती कोणाकडे न बघता आत गेली. खोटं कशाला सांगू, खोली सुंदर झाली होती. पिस्त्याच्या भिंती, कोपऱ्यांतून वर उमलत गेलेले सोनेरी पंखे, कमानीचा आरसा, खाली लोकरीचा गोल गालिचा, शिंपल्याच्या पाठीचा पाळणा आणि तशीच मऊ गुबगुबीत खुर्ची. दुधाच्या सायीसारखा उजेड पडला होता. इतकी सुंदर नसती तर बरं झालं असतं, निदान शिव्या द्यायला सोपं गेलं असतं.

तिने शिडी लावली. मी गज धरला, तिने कड्या ओवल्या. चुण्या एकसारख्या पडल्यात का ते लांब जाऊन बघितलं, एक जरा सारखी केली. काम पूर्ण झालं तेव्हा हात पुसले आणि दारात उभ्या असलेल्या दोघांकडे वळली.

"माझं कापायचं टेबल कुठाय?"

भावजय पुटपुटली, "ते... त्याचे पाय डुगडुगत होते. भंगारवाल्याला दिलं."

"हं." ती एवढंच म्हणाली. मग तिने भावाकडे बघितलं. "माझ्या जिभेला सगळे कात्री म्हणतात. मी कापते ते समोरून कापते. तू केसाने गळा कापलास."

"ताई, असं नको ना बोलू. बाळासाठी केलं. तुला सांगणारच होतो. म्हटलं, आधी खोली बघशील, तुलाही आवडेल. तू नाही म्हणाली असतीस का?"

"हो."

तो गोंधळला.

"हो, मी नाही म्हणाले असते. चांगलं ओरडून नाही म्हणाले असते. ते तुला पक्कं माहीत होतं, म्हणूनच विचारलं नाहीस. आणि बाळाचं नाव घेऊ नकोस मधे. बाळाला वर्षभर आईची कूस लागते. भिंतीला पिस्ता आहे की गेरू, त्याला काय कळतंय? खोली तुम्हाला हवी होती. हवी असेल, चूक नाही. तोंड उघडून मागायची. भांडलो असतो, चार दिवस बोललो नसतो, काहीतरी मार्ग निघाला असता. तू मला बसमध्ये बसवून दिलंस."

"मग आता काय करायचं म्हणतेस?" भावजय रडवेली झाली होती. "सगळं झालंय आता."

कात्रीने पिशवीतून सुती पडदा काढला आणि भावाच्या हातात ठेवला. "हा हॉलचा. माझ्या आडोशासाठी मलाच शिवायला लावला होतात. आता हॉलमध्ये ज्याला झोपायचं त्याने लावून घ्यावा." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "चष्मेवाले, पलंगाला हात लाव."

आम्ही दोघींनी तो पलंग बोळातून ओढत आत आणला. पाळणा आणि आरसा यांच्या मधे तो कसाबसा मावला. तिने एप्रन काढला, शिंपल्याच्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, "यापुढे आत यायचं असेल तर दार वाजवायचं."

भावाचा पण पारा चढला. घर माझ्या नावावर आहे, असं तो एकदा बोलून गेला. बोलला आणि लगेच गप्प झाला, पण शब्द बाहेर पडला होता. कात्री उठली नाही. "काढ मग बाहेर," म्हणाली. "पिशवी उचलायची सवय आहेच तुला."

त्याने काढलं नाही. तेवढं धाडस त्याच्यात नव्हतं, किंवा तेवढी लाज अजून शिल्लक होती. काय ते त्याचं त्याला ठाऊक.

डिझायनरबाई फोटो काढायला गेली तेव्हा कात्री त्याच खुर्चीत बटणं लावत बसली होती. "बाई, थोडं बाजूला व्हाल का?" "नाही." पोरीने खूप आर्जवं केली, मग तिलाही सगळा प्रकार कळला आणि ती कारखान्यात येऊन माझ्यासमोर रडली. "मी त्यांच्याच तोंडावर बोलले हो! आडोशाचा पडदा त्यांच्याकडूनच शिवून घेतला!" मी म्हटलं, "तुझ्यामुळे निदान तिला आधी कळलं."

मुलगी झाली. ती आईवडिलांच्या खोलीत, आईच्या कुशीत झोपायची, आणि शिंपल्याच्या पाळण्यात कात्री धुतलेले कपडे ठेवायची. बहीणभाऊ एका घरात राहून कामापुरतं बोलायचे. "गॅस संपलाय." "पाणी गेलंय." भावजयीने पहिल्यांदा बोलायला सुरुवात केली. दार वाजवून आत गेली आणि म्हणाली, "टेबल माझ्यामुळे गेलं. मीच दिलं. ह्यांनी नको म्हटलं होतं." कात्री म्हणाली, "बरं झालं सांगितलंस. बस." त्या दोघींचं तेव्हापासून बरं चाललं आहे.

मुलगी रांगायला लागल्यावर कात्रीने पाळण्यातले कपडे काढले. "तिला झोपू दे इथे," म्हणाली. "तिने मला फसवलेलं नाही." बाप दार वाजवून आत येतो, म्हणून पोरगीही वाजवते. चांगली दोन्ही हातांनी बडवते, आणि आतून ओरडा आल्याशिवाय थांबत नाही.

भाऊ मात्र परवा कारखान्यात आला. घरी बोलायची हिंमत नसावी. आमच्या टेबलासमोर उभा राहिला, केस विरळ झालेले, हातात टिफिनची पिशवी.

"ताई, चुकलं माझं."

"काय चुकलं?"

"खोली..."

"खोली नाही." तिने मशीन थांबवलं. "खोली गेली असती तर गेली असती. बस सुटल्यावर तू हात हलवत होतास. मला वाटलं, आता तरी येईल मागे, काहीतरी सांगेल. काच उघडून बघत होते मी वळणापर्यंत. तू हसत होतास."

डोळे भरून आले होते त्याचे. आजूबाजूच्या मशिनी एकेक करून थांबल्या, सगळ्या बायका कान देऊन ऐकत होत्या.

"हसत नव्हतो," शेवटी म्हणाला. "पण तुला तसं दिसलं असेल."

"जा आता. मालक ओरडतील."

तो गेला. मी थोडा वेळ जाऊ दिला आणि मग विचारलं, "माफ केलंस?"

"नाही," कात्री म्हणाली. "पण इतक्या बायकांसमोर येऊन बोलला. ते मी ऐकून घेतलं." मग तिने भोवतालच्या सगळ्यांकडे एक नजर टाकली. "काय गं, नाटक संपलंय! चला, मशिनी सुरू करा. आणि चष्मेवाले, चहा सांग दोन. माझ्यात साखर कमी."