फर्नांदनं फोन केला नाही

शोदिएर नदीला आमच्या गावात कुणी भीत नाही, नुसते वैतागतात. दर एप्रिलला बर्फ वितळतो, तळघरात घोटाभर पाणी येतं, लोक पंप लावतात, नदीला शिव्या घालतात आणि मे महिन्यात सगळं विसरून जातात. फर्नांद जिगेर मात्र विसरत नसे.

बुटांच्या कारखान्यात शिवणयंत्रावर जन्म गेला तिचा. पण बाप नदीतून लाकडं वाहून नेणारा, त्यामुळे पाण्याची जाण तिच्या अंगात होती. एप्रिल लागला की ती मेपलच्या रानात जाऊन बर्फात काठी खुपसून खोली बघायची. रानात मांडीभर बर्फ शिल्लक असताना वर कोमट पावसाची झड लागली, की तिला झोप यायची नाही. मग ती पहिला फोन करायची धाकट्या भावाला, रोझेरला. त्याचा गोठा तिच्या घरासमोर, पलीकडच्या काठावर अगदी नदीला लागून, चोवीस गायी.

दोन वर्षं लागोपाठ तिचा अंदाज चुकला. दोन्ही वेळा रोझेरनं भर पावसात गायी टेकडीवर चढवल्या आणि दोन्ही वेळा पाणी कुंपणाशीच थांबलं. दुसऱ्या खेपेला एक गाभण गाय घसरून पडली आणि गाभडली.

नववर्षाच्या जेवणाला आम्ही नातेवाईक, शेजारी मिळून वीसेक जण होतो. टेबलावर मांस भरून भाजलेले पाव, सगळ्यांच्या हातात पेले. रोझेर मोठ्यानं म्हणाला, "काय ताई, यंदा नदीबाईचं पत्र आलं की नाही?"

सगळे हसले. मीही हसलो.

"हस बाबा," फर्नांद म्हणाली. "एक दिवस रडशील."

रोझेरचा चेहरा बदलला. "वासरू माझं गेलं, तुझं नाही. पुन्हा मला फोन करायचा नाही. कळलं?"

"कळलं," ती म्हणाली, आणि ताटातलं शेवटपर्यंत जेवली.

त्या एप्रिलला रानात कमरेएवढा बर्फ होता. गुरुवारी दुपारी पाऊस सुरू झाला तो शुक्रवारी थांबला नाही, शनिवारीही नाही. फर्नांदनं स्वतःचं सामान माळ्यावर चढवलं. मी शेजारचाच, मदतीला गेलो होतो. विचारलं, "रोझेरला सांगितलंस?"

"त्यानं नको म्हटलंय."

"अगं, म्हणाला असेल. तो रागाच्या भरात बोलला."

"मग राग गेल्यावर त्यानं करावा फोन."

मीही केला नाही. पोरकटपणा वाटला, दोघांच्या भांडणात कशाला पडायचं.

रविवारी सकाळी रोझेर वर रानात पाकासाठी मेपलचा रस उकळत होता. दोन तासांत रस्ता पाण्याखाली गेला, त्याला खाली येता येईना. घरी बायको गिस्लेन एकटी. गायी गव्हाणीला साखळ्यांनी बांधलेल्या. ती कमरेइतक्या बर्फाळ पाण्यात उभी राहून एकेक साखळी सोडत होती. पाच सुटल्या. मग बोटं चालेनात. अग्निशमनवाल्यांनी तिला होडीत ओढून घेतलं तेव्हा उरलेल्या एकोणीस हंबरत होत्या. ते हंबरणं पलीकडच्या काठावर मलाही ऐकू येत होतं, आणि फर्नांदलाही.

पाणी ओसरल्यावर रोझेर तिच्या दारात आला. चिखलानं माखलेला.

"तुला माहीत होतं?"

तिला खोटं बोलता आलं असतं. "गुरुवारपासून," ती म्हणाली. "तूच म्हणालास, फोन करू नकोस."

तो तसाच वळून गेला. पण मागे उभी असलेली गिस्लेन, हातांना पट्ट्या बांधलेली, म्हणाली, "मी नव्हतं म्हटलं, ताई. मला करायचास."

ते दोघं वळणापार जाईपर्यंत फर्नांद दार धरून उभी राहिली.

उन्हाळ्यात काठावरची घरं राहण्यालायक नाहीत असं ठरलं आणि पाडली गेली, तिचंही आणि रोझेरचंही. म्हाताऱ्यांसाठी वर टेकडीवर एकच इमारत आहे. दोघांनाही तिथेच खोल्या मिळाल्या, ती दुसऱ्या मजल्यावर, तो आणि गिस्लेन चौथ्यावर. लिफ्टचं दार उघडलं आणि आत ती दिसली की रोझेर माघारी फिरतो, आणि दुखऱ्या गुडघ्यांनी कठडा धरत चार मजले चढतो. ती दार धरून ठेवते. दर वेळी.