अर्धलीची कोंबडी

मी एसटीत पस्तीस वर्षं कंडक्टर होतो. तिकिटांच्या हिशेबाच्या वेबिलाशिवाय फारसं काही लिहिलेलं नाही, त्यामुळे हे जमेल का याची शंकाच आहे. पण सगुणावहिनींबद्दल दुसरं कोणी लिहील असंही वाटत नाही.

मुळशी धरणाच्या पाण्याच्या वरच्या अंगाला आमची वाडी. पूर्वी चौदा घरं नांदती होती, आता दोनच चुली पेटतात. ओढ्याच्या अलीकडे माझी, पलीकडे त्यांची. बाकी घरांना कुलपं. त्यांचे यजमान भिवाजी माझ्या बरोबरीचे, म्हणून मी वहिनी म्हणतो. ते जाऊन नऊ वर्षं झाली. माझी मंडळी त्याच्याही आधी गेली.

रोज सकाळी ऊन ओढ्यावर आलं की ओढ्यापलीकडून शिव्या ऐकू यायच्या. त्या मला नसत, वर घिरट्या घालणाऱ्या शिक्र्याला असत. "मुडद्या, आलास व्हय परत? नरड्यात हाडूक अडकंल तुझ्या!" त्या ऐकल्या की मी चहा ठेवायचो. दिवस सुरू झाल्याची तीच खूण होती.

वहिनींकडे बावीस गावठी कोंबड्या होत्या. शिक्रा वरून यायचा, मुंगूस खालून. त्यांनी खुराड्याभोवती करवंदीच्या काट्या रचल्या होत्या, अंगणावर दोरी बांधून तिला शिक्रा बिचकावा म्हणून रोहितच्या जुन्या गाण्यांच्या सीड्या टांगल्या होत्या. वाऱ्यावर त्या चमकायच्या. रोहित हा त्यांचा मुलगा, पिरंगुटला कंपनीत आहे. तो दर महिन्याला म्हणायचा, "आई, एकटी कशाला राहतेस? खोली मोठी घेतलीय." त्यांचं उत्तर ठरलेलं, "कोंबड्या हायेत रं. त्यांना कोन बघंल?" शेवटी एकदा तो वैतागून म्हणाला, "बरं, कोंबड्या आहेत तोवर राहा. त्या संपल्या की मात्र काही ऐकणार नाही." वहिनी हसल्या होत्या. बावीस कोंबड्या कशा संपतील?

माघात त्या रेशनला खाली गेल्या तेवढ्यात मुंगूस शिरलं. सात मारल्या, खाल्ली एकच. वहिनींनी भोकात दगड ठोकला, शिव्या दिल्या. पंधरा उरल्या. त्यानंतर महिन्याभरात मर लागली. कोंबडी पंख सोडून बसायची, हिरवं हगायची, मान पिरगळल्यासारखी व्हायची आणि दुसऱ्या दिवशी गार. त्यांनी लसूण भरवला, हळदीचं पाणी पाजलं. नऊ गेल्या.

तेव्हा त्यांनी इकडच्या रितीप्रमाणे केलं. एका घराला मर लागली की चांगली दिसणारी कोंबडी दुसऱ्या घरी न्यायची, म्हणजे बीज तरी राहतं. पाच कोंबड्या डालग्यात घालून त्या माझ्याकडे आल्या. "मास्तर, तुमच्यात ठेवा. तुमचं घर निर्मळ हाय."

कंडक्टरला इकडे मास्तर म्हणतात. मी ठेवल्या. माझ्याही सहा होत्या. आठवड्यात अकराच्या अकरा गेल्या.

पौडहून जनावरांच्या डॉक्टर मेधाताई आल्या. त्यांनी खड्डा खणायला लावला, चुना टाकायला लावला. मग वहिनींना समजुतीनंच म्हणाल्या, "आजी, दिसायला चांगल्या असल्या तरी रोग त्यांच्या अंगात होता. या घरात तो त्यांच्याबरोबर आला. आता दोन-अडीच महिने दोन्ही खुराडी रिकामी ठेवा."

वहिनी खड्ड्याकडे बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी पदराखाली काहीतरी घेऊन आल्या. कवडी होती, त्यांच्याकडची पांढऱ्या ठिपक्यांची कोंबडी. आजारातून तेवढी एक उठली होती, पण मान कायमची डावीकडे कलली होती. "ही घ्या. तुमच्या सहा माझ्या हातानं गेल्या. भरपाई होत न्हाई, पर हाय ती ही."

"वहिनी, ही दिली तर तुमच्याकडे एकही राहत नाही."

"ठावं हाय मला."

 मी म्हणालो, "मग अर्धलीनं ठेवतो." म्हणजे कोंबडी एकाची, सांभाळ दुसऱ्याचा, पिल्लं निम्मी निम्मी.

"अर्धली नगं. भरपाई हाय ती," म्हणाल्या आणि ओढा उतरून गेल्या.

त्याच रविवारी रोहित गाडी घेऊन आला. एक बोचकं आणि भिवाजींचा फोटो एवढंच सामान. मी थांबा म्हणायला हवं होतं. मी बोचकं गाडीपर्यंत नेऊन दिलं.

मग सकाळी काही ऐकू येईना. सीड्या नुसत्या फिरायच्या. मी रेडिओ मोठा लावू लागलो.

कवडीला मी पडवीत ठेवलं होतं, खुराड्यापासून लांब. महिन्याभरानं ती अंडी घालू लागली, मग खुडूक झाली, उबवायला बसू लागली. मी आनंदानं तिचीच अंडी तिच्याखाली ठेवली आणि वहिनींना फोन केला.

"मास्तर, कोंबडा कुटं हाय?"

"कोंबडा? नाही."

"मंग पिल्लं काय एसटीनं येनार हायेत?" त्या इतक्या हसल्या की मलाही हसू आलं. मग आवाज बारीक झाला. "पल्याडच्या भिकूच्या वस्तीवर मर न्हाई, कोंबडाबी हाय. तितली अंडी आना. पेंढ्यात गुंडाळून आना, हादरवू नका. हितं चौथ्या मजल्यावर चिमणीबी दिसत न्हाई वो."

नऊ अंडी आणली. एकविसाव्या दिवशी सात पिल्लं निघाली. मेधाताईंनी सांगितल्या दिवशी प्रत्येकाच्या डोळ्यात लसीचा थेंब घातला. दोन्ही खुराडी खरवडून चुना मारला, वहिनींच्या खुराड्याला नव्या काट्या लावल्या. पिल्लं महिन्याची झाल्यावर फोन केला. "वहिनी, वाटा न्यायला या." त्यांनी नुसतं "बघू" म्हटलं. फोन ठेवल्यावर वाटलं, उगाच केला.

तिसऱ्या दिवशी त्या एसटीनं आल्या. हातात रिकामं डालगं होतं. मागून रोहितही आला होता, चढून दमलेला. मी तीन पिल्लांच्या पायाला तांबडा दोरा बांधून ठेवला होता.

"ह्यो काय उद्योग?" वहिनी म्हणाल्या. "दोरा बांधून वाटा पडतो व्हय? एकानं वाटं पाडायचं, दुसऱ्यानं उचलायचं. मी पाडते." त्यांनी दोरे तोडले, एका बाजूला चार पिल्लं ठेवली, एका बाजूला तीन. "उचला."

मी तीन उचलली.

"आयुष्यभर तिकिटं फाडली, आन् चार जास्ती का तीन, ते कळंना व्हय?"

 त्यांनी चार पिल्लं डालग्यात घातली, मग थोडा वेळ कवडीच्या वाकड्या मानेवरून हात फिरवला.

रोहित म्हणाला, "आई, ही चार पिल्लं. उद्या शिक्रा नेईल."

"तूच म्हनला होतास, कोंबड्या हायेत तोवर. ह्या काय बदकं हायेत?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. मग त्यानं डालगं उचललं आणि आईच्या मागे ओढा उतरला. संध्याकाळी एकटाच खाली गेला.

दुसऱ्या दिवशी मी रेडिओ लावला नाही. ऊन ओढ्यावर आलं. बराच वेळ काहीच नाही. मग आलं, "मुडद्या, माझी वाट बघत व्हतास व्हय! ये खाली, दाखवते तुला!"

शिक्र्यानं पिल्लू नेलं की वाचलं, ते मी विचारायला गेलो नाही. चहा ठेवला.