प्रश्न माझा नव्हता

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. गप्प बसलो असतो तरी बरं झालं असतं. मी सांगत फिरलो, आणि खोटं सांगितलं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. कोल्हापुरातल्या एका हॉटेलात मराठी टायपिंगच्या नव्या सॉफ्टवेअरची पत्रकार परिषद होती. मी एका दैनिकात कॉम्प्युटरविषयी सदर लिहायचो, म्हणून पहिल्या रांगेत मान. पुण्याहून आलेला कंपनीचा साहेब पडद्यावर वळणदार अक्षरं दाखवत होता. मागून एका बाईनं विचारलं, "ह्यात लिवल्यालं दुसऱ्याच्या मशिनवर उघडतंय का? उद्या कंपनी बुडली तर आमच्या लिखाणाचं काय?"

कमलताई. कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगीहून एक पाक्षिक काढायच्या. संपादक त्याच, बातमीदार त्याच, अंक वाटणाऱ्याही त्याच.

साहेबानं आडनाव विचारलं. त्यांनी सांगितलं, कांबळे.

"अरे वा! प्रश्नांतही राखीव जागा आल्या का?"

हॉल हसला. मीही हसलो. अगदी दात काढून.

कमलताई उभ्याच. "हसून झालं असंल तर उत्तर द्या की."

जेवण लागल्याचं जाहीर झालं. त्या न जेवता गेल्या. मी जेवलो. रविवारी सदरात त्या सॉफ्टवेअरची वाहवा केली आणि स्वतःही त्यातच लिहू लागलो.

काही वर्षांनी कंपनीनं ती आवृत्ती बंद करून नवी काढली. नव्या आवृत्तीत जुन्या फाइली उघडेनात. माझं सगळं लिखाण पडद्यावर नुसते चौकोन आणि फराटे. मी पुण्याला त्यांच्या ऑफिसात गेलो. साहेब तोच. बसा म्हणाला नाही.

"मजकूर तुमचा असेल. अक्षरं आमची आहेत."

मग जरा गोड होत म्हणाला, "नव्या आवृत्तीवर चार चांगले शब्द लिहा. मग तुमच्या फाइलींचं बघू."

माझंच लिखाण मला परत मिळायला मी त्याची भाटगिरी करायची. "नाही लिहिणार," एवढंच म्हणालो आणि जिना उतरलो. त्या फाइली गेल्या त्या गेल्याच.

नोकरी सोडली. मुक्त सॉफ्टवेअरचा प्रचार सुरू केला. इचलकरंजी, जयसिंगपूर, जिथे बोलावतील तिथल्या कॉलेजात सीडी घेऊन जायचो. पोरांना सांगायचो, हे घ्या, बदला, वाटा; फक्त ज्यानं लिहिलं त्याचं नाव पुसू नका.

आणि भाषणाची सुरुवात ठरलेली: "भर पत्रकार परिषदेत मी एक प्रश्न विचारला आणि सगळा हॉल मला हसला."

टाळ्या पडायच्या. राखीव जागांचं वाक्य मी गाळलं होतं. ते माझ्या आडनावाला बसत नव्हतं.

पुण्यातला अपमान माझा होता. तो पुरला असता. पण तो बंद खोलीतला, कुणी न पाहिलेला. मला चारचौघांतला हवा होता, म्हणून मी कमलताईंचा उचलला.

इचलकरंजीच्या एका सभेत भाषण संपलं आणि गर्दीतून त्याच पुढे आल्या. केस पिकलेले, आवाज तोच.

"भाषण झ्याक केलासा, सर. पर त्या हॉटेलात इचारलं कुणी आणि हासलं कुणी? मला चांगलं ध्यानात हाय."

मी तोंड उघडलं. तेवढ्यात संयोजकानं खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ ठेवला. फोटो झाला. मला वाटलं, एव्हाना त्या गेल्या असतील. गेल्या नव्हत्या. वाट बघत उभ्या होत्या.

मी म्हणालो, "या की एकदा घरी."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि निघून गेल्या. पुढच्या सभेत मी पुन्हा तेच भाषण ठोकलं.

आता लिहून देतो. प्रश्न कमलताई कांबळे यांनी विचारला होता. अपमान त्यांचा झाला, तो त्यांच्या जातीवरून झाला, आणि हसणाऱ्यांत मी होतो. यापुढे जिथे उभा राहीन तिथे आधी हे बोलेन. टाळ्या पडोत न पडोत. बोलावणी बंद झाली तर होऊ देत.

पण हे झालं लोकांना सांगणं. माफी त्यांच्या दारात जाऊन मागायची असते. गडमुडशिंगीच्या थांब्यावर उतरून मी परत आलो आहे, एकदा नाही, अनेकदा. त्या हयात आहेत. मीही आहे. माफी अजून मागितलेली नाही.