तीन घावांची खूण

आमच्या गावात मऊ अशी एकच वस्तू होती, माझी जीभ. बाकी सगळा दगड. डोंगराच्या अंगावर गाव, डोंगराच्या पोटात खदान, आणि त्या खदानीतून निघालेल्या काळ्या दगडाची घरं, उंबरे, गव्हाणी, पाटे, उखळं. कोंबडी कापली तर पोटातून मूठभर गिट्टी निघायची. डास चावायला आला तर सोंड मोडून परत जायचा. लग्न होऊन आले त्या दिवशी पहिलाच घास कचकन वाजला, तेव्हा मी सासऱ्यांना विचारलं, "मामंजी, पीठ संपलं होतं काय?" ते हसले नाहीत. नवरा मात्र हसत हसत खदानीपर्यंत गेला, असं लोक सांगतात. लोक म्हणजे मीच.

तेव्हा आमचा जिल्हा अकोला होता, आणि बाजाराला आम्ही आमच्याकडच्या मालेगावला जायचो. बाजारात कोणी गाव विचारलं तर सांगायची गरज नसे. आमच्या केसांत, भुवयांत, लुगड्याच्या काठात दगडाची पूड बसलेली असायची. दिवसभर टाक्यांचा, म्हणजे दगड घडवायच्या छिन्न्यांचा, आवाज. चाळीस माणसं एका वेळी दगड घडवायची, पण कोणतीही बाई चुलीपुढे बसून सांगायची, हा माझ्यावाला. माझा माणूस दोन घाव जोरात आणि तिसरा हळू घालायचा. टक, टक, टुक. तो टुक ऐकला की मी पीठ मळायला घ्यायची.

गावाच्या खालच्या अंगाला, रस्त्याच्या कडेला जुनी सराई होती. सात कमानी, मधे अंगण. बैलांचे तांडे डोंगर ओलांडायचे त्या काळी वाटसरू तिथं उतरत. कोणी बांधली, कोणाला ठाऊक नाही. मी पाहुण्यांना सांगायची, की एका राजाची राणी रुसून डोंगरात बसली, तिला सावली म्हणून एका रात्रीत बांधली, आणि शेवटची कमान बांधेपर्यंत तिचा राग गेला म्हणून ती जरा वाकडी राहिली. कमान खरंच वाकडी होती. खोट्याला एक खरी मेख ठोकली की ते शंभर वर्षं उभं राहतं.

पुढे त्या सराईत शाळा भरायची. एका पावसाळ्यात तिचा उत्तरेचा कोपरा खचला आणि पंचायतीनं तो नव्यानं बांधून घेतला. दगड घडवले माझ्या नवऱ्यानं. आता यातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्याकडे टाकीवाला आपली खूण दगडावर ठेवतो, पण दर्शनी बाजूला नाही. जी बाजू भिंतीच्या आत जाते, चुन्यात गाडली जाते, तिच्यावर. बांधकाम उभं आहे तोवर ती कोणाला दिसत नाही, दिसूही नये. सासऱ्यांची खूण दोन घावांची होती. त्यांच्या पोरानं, माझ्या माणसानं, तिला एक घाव जोडून तीन केले. अख्ख्या कामात एकाच दगडावर. त्या कोपऱ्यात तो दगड बसवून आला त्या दिवशी तो मला म्हणाला, "आता मी मेलो तरी शाळेत जाईन रोज."

दोन वर्षांनी तो मेला. सुरुंग लावला आणि उडाला नाही, तर खदानीत एक कायदा होता. एक बिडी अख्खी ओढून होईपर्यंत जागचं उठायचं नाही. घड्याळ कोणाजवळ होतं? बिडी हेच घड्याळ. माझ्या माणसाची बिडी मी सोडवली होती. खोकला लागायचा म्हणून रडून, रुसून, एकदा तर विहिरीत उडी टाकते म्हणून सोडवली. त्या दिवशी सुरुंग वाया गेला, बाकीचे बिड्या पेटवून बसले, आणि तो नुसताच बसला. मग उठला. बाकीच्यांच्या बिड्या अर्ध्यावर होत्या.

ही गोष्ट मी कधी वाढवून सांगितली नाही.

त्याचा फोटो नव्हता. लेकरू नव्हतं. घरात मी आणि सासरे, दोघंच. सासऱ्यांच्या डोळ्यांत उमेदीतच दगडाच्या कपच्या गेलेल्या, आता तर उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. माझ्या माणसाचं या जगात काही शिल्लक होतं तर ते त्या कोपऱ्यात, चुन्याच्या आत, तीन घाव.

मग तो मोठा दुष्काळ पडला. खदान बंद पडली, आणि अख्खा गाव सरकारी रस्त्याच्या कामावर गिट्टी फोडायला बसला. बोटांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे गुंडाळायचे, समोर दगड, हातात हातोडी, दुपारी खायला सरकारी सुकडी. मीही बसले. एक दिवस मुकादम सांगत आला, की सराई पडायला झालीच आहे, शाळाही पत्र्याच्या खोल्यांत गेली आहे, तर सायबांनी ती पाडून तिचाच दगड रस्त्याला घ्यायला सांगितलं आहे. घडवलेला दगड, रस्त्याला लागून, वाहायचा त्रास नाही. बायांना बरं वाटलं. माझी हातोडी अंगठ्यावर बसली.

दक्षिणेकडून पाडत आले. सात कमानी पाच दिवसांत गेल्या. उत्तरेचा कोपरा राहिला तेव्हा मी तोंड उघडलं.

"तुमाले सांगत नोती," मी शेजारणीला म्हणाले, "पण त्या कोपऱ्यात बिनमुंडक्याचा पहारेकरी हाये."

"कायचा पहारेकरी?"

"सराईचा. त्याचं मुंडकं चोरायनं कापलं आन् भितीत गाडलं. जो घण मारीन त्याचा उजवा हात भोपळ्यावानी फुगते. आमच्या यायले त्यानं सपनात सांगतलं होतं, कोपरा बांधला तवा."

मेलेल्या नवऱ्याचं नाव घेतलं, की खोटं कोण म्हणेल? संध्याकाळपर्यंत ती गोष्ट गावभर झाली. दुसऱ्या दिवशी तीच शेजारीण मला माझीच गोष्ट सांगायला आली. आता पहारेकऱ्याला घोडा मिळाला होता आणि घोड्यालाही मुंडकं नव्हतं. "माय वं," मी म्हणाले, "मले तं ठाऊकच नोतं!"

एकही माणूस घण उचलेना. मुकादम ओरडला, पाया पडला, स्वतः घण घेऊन गेला आणि कोपऱ्याजवळ जाऊन त्याला एकदम लघवीची आठवण झाली. तीन दिवस दगड आला नाही, म्हणून गिट्टी नाही, म्हणून हजेरी नाही. चौथ्या दिवशी तो म्हणाला, "सायेब म्हंते, तुमाले काम नको असन तं काम दूर केनवडकडे नेतो. पायी जा तिकडं रोज." लेकुरवाळ्या बायांनी पोरं जवळ ओढली. माझ्या शेजारणीचं सहा महिन्यांचं पोर पदराला तोंड लावून नुसतंच चोखत होतं, तिला दूध नव्हतं. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

घरी आले तर सासरे उंबऱ्यावर बसलेले. गुडघ्यांवर आडवा त्यांचा जुना घण.

"छप्पन साली," ते म्हणाले, "नागपूरहून दीक्षा घेऊन आलो तवा घरातले सारे देव टोपल्यात घालून नाल्यात सोडले. तुह्या सासूनं दोन दिस भाकर खाल्ली नाई. देव सोडले आपुन, आन् तू गावाले भूत ईकून राह्यली?"

"मामंजी, त्या कोपऱ्यात तुमच्या पोराची खूण हाये."

"मले सांगतं? त्यो दगड बसवला तवा म्या ओळंबा धरून उभा होतो."

"मंग पाडू कायले देता?"

ते घणावर भार देऊन उठले. मग म्हणाले, "त्यो माहा एक पोरगा होता. तिकडं पन्नास पोरं उपाशी हायेत. चाल, हात धर."

मी हात धरून नेलं. अख्खा गाव मागे. म्हाताऱ्यानं भिंत चाचपली, कोपऱ्याचा दगड शोधला, पाय रोवले आणि घण मारला. सत्तरीचा माणूस, पण घाव असा बसला की डोंगर एक वीत मागे सरकला. अजून सरकलेला आहे, जाऊन पाहा. त्यांनी हात वर करून सगळ्यांना दाखवला. "फुगला काय? पाहा बे, फुगला काय?" पोरं हसली. बाया हसल्या. आणि पुढच्या क्षणी वीस गडी पहारी घेऊन त्या कोपऱ्यावर तुटून पडले.

तीन दिवसांची भूक होती ती. "दमानं," सासरे म्हणत होते, "दमानं रे, एक दगड मले लागते." कोण ऐकतो? दगड गडगडत खाली, खालून गाडीत, गाडीतून ढिगावर, आणि ढिगावर बाया हातोड्या घेऊन तयारच. मी धावत खाली गेले तोवर अर्धा कोपरा फुटून गेला होता. उरलेले दगड मी एकेक करून सासऱ्यांपुढे आणले. आणताना प्रत्येकाच्या सगळ्या बाजू पाहिल्या. तीन घाव कुठंच नव्हते.

सासरे मातीत बसून एकेका दगडावर बोटं फिरवत होते. पण ती बोटं पन्नास वर्षं दगडावर घासलेली. चुलीतला निखारा ते चिमटीत उचलत, त्यांना त्या बोटांनी काय लागणार? एका दगडावर ते थांबले. पुन्हा फिरवली. तोंड माझ्याकडे केलं.

"ह्यो दिसते. मले बराबर कयत नाई. तू पाय. हाये काय?"

मी पाहिलं. उन्हात लख्ख दिसत होतं. टाकीचे नुसते घाव, कोणत्याही दगडावर असतात तसे, वाकडेतिकडे, पाच-सहा. खूण नव्हती.

"हाये," मी म्हणाले.

ते ऐकत राहिले. मी आणखी काही बोलते का याची वाट पाहत असावेत. मी बोलले नाही. मग त्यांचा चेहरा सैल झाला. "तू खोटं बोलतं तवा लय लंबं बोलतं," ते म्हणाले. "हाये मंग."

मला वाटलं ते दगड घरी नेतील. पण ते म्हणाले, खूण उघड्यावर ठेवायची नसते, मेलेल्याला झोप लागत नाही. रस्त्यावर नाल्याची मोरी, म्हणजे छोटा पूल, बांधणं चालू होतं. मिस्त्रीच्या मागे लागून त्यांनी तो दगड मोरीच्या भिंतीत बसवून घेतला, ती बाजू आत. चुना भरण्याआधी मला म्हणाले, "हात लाव एकडाव." मी लावला. गरम होता, उन्हानं. दुसऱ्याच कोणाचा तरी दगड.

त्यानंतर आठ वर्षं ते जगले. रोज सकाळी उन्हं चढायच्या आत मी त्यांना मोरीवर नेऊन बसवायची. ते कठड्यावर तळवा ठेवून बसत. एस.टी. गेली, की मोरी थरथरायची आणि म्हातारा म्हणायचा, "पाह्यलं? हालला नाई. पक्का बसवला." मी म्हणायची, हो मामंजी. येणाऱ्याजाणाऱ्यांना ते खुणेची गोष्ट सांगत, आणि सांगता सांगता वाढवायलाही लागले होते. माझ्याकडे नजर नसलेले डोळे वळवून म्हणत, "इचारा सुनेले." सून मान हलवायची. अशा गोष्टीत एक शब्द जोडायला माझी जीभ कधी वळली नाही.

मोरी अजून उभी आहे. रस्त्यावर आता डांबराचे थरावर थर चढले आहेत, खालची गिट्टी कोणाला आठवत नाही. पण तीन घाव असलेला दगड गेला तो त्या गिट्टीतच. कोणत्या बाईनं फोडला, मी विचारलं नाही. तीन दिवसांनी हाताला काम मिळालेली कोणीतरी. मोरीपासून गावापर्यंत मी आजही रस्त्यावरून खाली उतरून, कडेच्या मातीतून चालते. पोरं विचारतात, "आजी, चांगला रस्ता सोडून काट्यायतून काहून चालतं?"

"चटके बसते," मी म्हणते, आणि चालत राहते.